एका पदार्थाचें पुनरागमन

शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचीं पत्रें हें शिक्षकाचें खरें धन होय. माझ्या संग्रहांतील एक पत्र मीं निराळें जपून ठेविलें आहे. कारण त्यास मीं दिलेलें उत्तर आठवलें म्हणजे अद्यापि माझी मान खालीं होते.

सन २०२० च्या नोव्हेंबर महिन्यांतील गोष्ट. कॅलिफोर्नियांत संसार करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीनें लिहिलें होतें, "सर, टॅको बेलमधला मेक्सिकन पिझ्झा ५ तारखेपासून बंद झाला. तुम्हांस हसूं येईल, पण मी गाडींत बसून रडलें." ते महामारीचे दिवस होते. मीं त्याच रात्रीं उत्तर धाडिलें, कीं सहस्रावधि माणसें मृत्यूच्या दाढेंत जात असतां बाजारांतील एका खाद्यपदार्थासाठीं अश्रु ढाळणें आपल्या शाळेच्या मुलीस शोभत नाहीं. उत्तर मोठें मार्मिक साधलें, असें मला तेव्हां वाटलें. त्यानंतर सहा महिने तिचें एक अक्षरही आलें नाहीं.

हा पदार्थ आहे तरी काय, हें वाचकांस सांगितलें पाहिजे. टॅको बेल ही ग्लेन बेल ह्या गृहस्थांनीं सन १९६२ मध्यें कॅलिफोर्नियांतील डाउनी येथें सुरू केलेली उपाहारगृहांची संस्था. तिच्या यादींत सन १९८५ मध्यें हा पदार्थ आला. आरंभीं त्याचें नांव निराळें होतें. आपल्या कडक पुरीसारख्या दोन कुरकुरीत चकत्या, त्यांच्या मधोमध गोमांसाचा खिमा आणि शिजवून घोटलेला घेवडा, वर तांबडा सॉस, चीज व टोमॅटोच्या फोडी, असें त्याचें स्वरूप. परंतु "खिमा नको, त्याऐवजीं घेवडाच घाला," एवढें एक वाक्य बोललें कीं तोच पदार्थ शाकाहारी होई. ही युक्ति अमेरिकेंतील भारतीय कुटुंबांत एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेली. त्या देशांत झटपट खाण्याच्या दुकानांत शाकाहारी मनुष्यास मिळण्याजोगें फार थोडें असे. एका मोठ्या उपाहारगृह-संस्थेच्या तळलेल्या बटाट्यांतदेखील गोमांसाचा स्वाद असतो, हें सन २००१ मधील खटल्यामुळें तेथील हिंदूंस कळून आलें, तेव्हां त्यांस केवढा धक्का बसला असेल! अशा ठिकाणीं पोटभर, स्वस्त आणि निःशंक मनानें खातां येईल असा हा एक पदार्थ होता.

सन २०२१ च्या मे महिन्यांत त्या मुलीचें दुसरें पत्र आलें. तींत राग नव्हता. केवळ हकीकत होती. तिची आई आयुष्यांत प्रथमच अमेरिकेस गेली, तेव्हां महिनाभर तिनें बाहेर पाण्याशिवाय कांहीं घेतलें नाहीं. सारीं मंडळी जेवीत आणि ती मांडीवर हात ठेवून बसे. एके दिवशीं मुलीनें तिच्यापुढें हा घेवड्याचा पिझ्झा ठेविला. आईनें एक तुकडा मोडून पाहिला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली शेवपुरीची बहीण!" त्या दिवसापासून दर शनिवारीं आजी, मुलगी व नात ह्यांचें तेथें जेवण ठरलेलें असे. पुढें आई स्वदेशीं परतली. सन २०२० च्या जून महिन्यांत तिला देवाज्ञा झाली. विमानें बंद असल्यामुळें मुलीस येतां आलें नाहीं. "आईच्या आवडीचें निदान एकदां खावें म्हणून गेलें, तर तेंही नव्हतें," एवढेंच तिनें लिहिलें होतें.

मीं तें पत्र दोनदां वाचलें. मृत्यूची आठवण मीं तिला करून दिली होती, आणि मृत्यु तिच्या घरीं माझ्या आधींच येऊन गेला होता! मीं क्षमा मागितली. तिनें ती उदार मनानें केली.

कंपनीची बाजूही सांगणें न्याय्य होईल. महामारींत स्वयंपाकघरांतील काम सुटसुटीत करणें तिला अगत्याचें वाटलें. शिवाय ह्या एका पदार्थाच्या खोक्यांस अमेरिकेंत दरसाल सुमारें ७० लक्ष पौंड पुठ्ठा लागे. हीं कारणें पोकळ नव्हतीं. परंतु हिशेबाच्या वहींत पुठ्ठ्याचें वजन लिहितां येतें. एखाद्या आजीच्या शनिवारचें लिहितां येत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच जाऊन सांगावें लागतें. आणि लोकांनीं तें सांगितलें. भारतीय वंशाच्या एका तरुणानें विनंति-अर्ज काढिला. त्यावर दीड लाखाहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. आमच्या विद्यार्थिनीचीही त्यांत एक होती. अखेर एप्रिल २०२२ मध्यें डोजा कॅट ह्या गायिकेनें आपल्या जलशांत ही सुवार्ता जाहीर केली, आणि १९ मे रोजीं पदार्थ परत आला. मागणी पूर्वीच्या सातपट झाली. थोड्याच दिवसांत सामग्री संपली, आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून तो पुनः कायमचा यादींत बसला.

त्या सुमारास तिनें लिहिलें, "सर, पुरी किंचित् मऊ पडली होती. पण माझी मुलगी आजीच्या जागेवर बसली, आणि खिमा नको, घेवडा घाला, हें वाक्य ह्या वेळीं तिनेंच म्हटलें."

बालमित्रहो, दुकानदार हा दुकानदारच असतो. त्यानें नफा पाहूनच पदार्थ परत आणिला, हें मी जाणतों. परंतु दुसऱ्याचें दुःख क्षुल्लक आहे असें ठरविण्यापूर्वीं तें कोठून आलें हें विचारावें, आणि आपली गेलेली वस्तु परत हवी असल्यास रुसून न बसतां सभ्यपणें मागावी, एवढे दोन धडे मीं ह्या प्रकरणापासून घेतले.

गेल्या सत्रांत आमच्या बोर्डिंगांतील मुलांनीं, गुरुवारचें बंद झालेलें थालिपीठ पुनः मिळावें, असा चाळीस सह्यांचा अर्ज माझ्या मेजावर ठेविला. पूर्वींचा मी असतों तर तो हसून बाजूस सारिला असता. ह्या वेळीं मीं सर्वांत लहान मुलास जवळ बोलावून विचारिलें, "बाळ, तुला थालिपीठ कां हवें?" तो कांहीं वेळ भुईकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "घरीं आई गुरुवारींच करते, सर."

पुढच्या गुरुवारीं थालिपीठ झालें.