शून्य न झालेली यादी

पोस्ट मोठी आहे. विषय सॉफ्टवेअरचा असला तरी शेवटी तो आपल्या आडनावापर्यंत येतो, त्यामुळे आयटीवाले नसाल तरी वाचा.

2025 ची राखीपौर्णिमा 9 ऑगस्टला, शनिवारी होती. ताई ओवाळायला आली आणि मी पाटावर बसूनही मोबाइलच बघत होतो. ती वैतागली, "अरे, आज तरी ऑफिस बाजूला ठेव." ते ऑफिस नव्हतं. त्या दिवशी डेबियनची 13 वी आवृत्ती बाहेर पडत होती आणि आधीच्या तीन महिन्यांत मीही त्यात खारीचा वाटा उचलला होता.

डेबियन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. विंडोज कसं कंपनीचं असतं, तसं हे कुणाच्याच मालकीचं नाही. 1993 मध्ये इयन मर्डॉक नावाच्या कॉलेजातल्या मुलाने सुरुवात केली. लिनक्सवर चालणारी ही प्रणाली आजही जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात. अनेकांच्या ओळखीचं उबुंटू याच पायावर उभं आहे. 13 व्या आवृत्तीत जवळपास 70 हजार पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे एकेक प्रोग्राम किंवा त्याचा भाग. एवढा पसारा, आणि तो सांभाळणारा एकही साहेब नाही. मग रिलीजची तारीख ठरवतं कोण?

तारीख ठरते बगच्या यादीवरून. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

पद्धत अशी आहे. आधी जाहीर करतात ती फ्रीजची तारीख, म्हणजे नवीन काही घेणं बंद करण्याची. तेही टप्प्याटप्प्याने होतं. या वेळी 15 मार्चला पहिला टप्पा, 15 एप्रिलला दुसरा, 15 मेला कडक फ्रीज आणि 27 जुलैला पूर्ण फ्रीज. शेवटच्या टप्प्यात एक ओळ बदलायची असली तरी रिलीज टीमकडे अर्ज करावा लागतो. जुनं काय, नवं काय, फरक काय, तो आत्ताच का हवा, सगळं लिहून द्यायचं. आपल्याकडे मांडव घातल्यावर पाहुणे वाढत जातात. तिथे मांडव घातला की दार बंद, आणि आतल्या खुर्च्या मोडक्या आहेत का ते तपासायचं.

मोडक्या खुर्च्यांची यादी म्हणजे बग ट्रॅकर. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळतो. आता हे नंबर दहा लाखांच्या पुढे गेलेत. सोबत गांभीर्याची पायरी असते. सगळी सिस्टीम मोडणारा किंवा डेटा घालवणारा बग 'क्रिटिकल', तो प्रोग्रामच निकामी करणारा 'ग्रेव्ह', आणि प्रकल्पाने स्वतःला घातलेले नियम मोडणारा 'सीरियस'. या तीन पायऱ्यांवरचे बग रिलीज अडवतात. त्याखालचे किरकोळ हजारो असतात, ते अडवत नाहीत. अडवणारा बग पॅकेजमध्ये तसाच पडून राहिला आणि कुणी हात लावला नाही, तर ते पॅकेज ठरावीक मुदतीनंतर येणाऱ्या आवृत्तीतून आपोआप काढलं जातं. फारच महत्त्वाच्या पॅकेजेसना यातून सूट आहे, बाकी कुणाला नाही. आणि ही अख्खी यादी जगात कुणालाही, लॉगिन न करता दिसते.

आता माझा वाटा. मे महिन्यात मी त्या यादीतला एक सीरियस बग उचलला. प्रोग्राम छोटासाच होता. तक्रार अशी होती की 12 वरून 13 वर जाताना वापरणाऱ्याने स्वतः बदललेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात. डेबियनचा नियम आहे की माणसाने हाताने केलेला बदल अपग्रेडने परस्पर उडवायचा नाही. तक्रार करणारा दूरदेशी एका शाळेचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस.

रात्री जेवणं झाल्यावर बसलो. सिस्टीम लावली, प्रोग्राम टाकला, सेटिंग बदलली, पुन्हा टाकला. सेटिंग जागेवर. चार वेळा केलं, चारही वेळा जागेवर. मी मेल लिहिला की हा बग दिसत नाही, 'पुन्हा घडवता येत नाही' अशी खूण लावतो, गांभीर्य कमी करावं. ते पॅकेज सांभाळणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवून गांभीर्य उतरवलं. रिलीज अडवणाऱ्या यादीतून एक नंबर गेला. खरं सांगतो, फार छान वाटलं.

दोन दिवसांनी त्या शाळावाल्याचं एका ओळीचं उत्तर आलं. तुम्ही 12 वरून अपग्रेड करून पाहिलंत की थेट 13 वर टाकून?

मी थेट 13 वर टाकून पाहिलं होतं. अपग्रेडच्या बगची तपासणी मी अपग्रेड न करता केली होती. आधी 12 लावलं, सेटिंग बदलली, मग 13 वर नेलं. वीस मिनिटांत सेटिंग साफ. त्या माणसाकडे अशा चाळीस मशीन होत्या.

मग दुसरा मेल लिहिला की चूक माझी, बग खरा आहे, घडवायच्या पायऱ्या या, गांभीर्य परत सीरियस करतो. तिसऱ्याच देशातल्या कुणीतरी सहा ओळींची दुरुस्ती पाठवली. रिलीज टीममधल्या माणसाने विचारलं, यातल्या दोन ओळींचा या बगशी काय संबंध? संबंध नव्हता, त्या काढल्या. चार ओळी आत गेल्या. बग बंद झाला. माझे दोन्ही मेल अजून तिथेच आहेत आणि राहतील. मला ते पुसता येत नाहीत.

पण त्या पहिल्या मेलची लाज मला वेगळ्याच कारणाने वाटत राहिली. काही वर्षांपूर्वी हेच मी पगार घेऊन केलं होतं.

तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे एका सार्वजनिक योजनेचं पोर्टल बनत होतं. नावं घेत नाही, मुद्दा नावांचा नाही. बगची यादी एक्सेलमध्ये होती, 61 बाकी. उद्घाटनाची तारीख मात्र पाहुण्यांच्या सवडीने आधीच ठरली होती. शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग झाली. दुरुस्तीवर कुणी बोललंच नाही. यादीत एक नवा कॉलम आला, 'फेज 2'. एकेक ओळ तिकडे सरकत गेली. आठ वाजेपर्यंत पहिल्या पानावर शून्य बाकी होते. सगळं हिरवं. कुणीतरी वडापाव मागवले.

त्यातला 38 नंबर मी शोधलेला होता. आपल्या मराठीतला ऱ्ह, ऱ्य. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी आडनावं घ्या. तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठीचं खास ऱ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. जुन्या नोंदीत एका पद्धतीने टाइप केलेलं, अर्जात दुसऱ्या पद्धतीने, की आमचं पोर्टल म्हणणार 'नावात तफावत', आणि अर्ज परत. तुलना करण्याआधी दोन्ही एकाच पद्धतीत बदलून घ्यायचं, एवढाच त्याचा इलाज. दीड दिवसाचं काम. मीटिंगमध्ये मी एकदा म्हणालो की हा राहू द्या. "किती लोकांची अशी आडनावं असतात रे?" असं उत्तर आलं. मी गप्प बसलो. माझ्या हातानेच ती ओळ सरकवली.

महिन्याभराने मदत शिबिरात टेबलावर बसायची पाळी आली. एक आजी आल्या. अर्ज तीनदा परत आलेला. भाच्याने मोबाइलवरून भरला होता. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आडनाव हुबेहूब तेच. आजींनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "बाळा, जन्मभर हेच आडनाव लावलं. आता ते सरकारला वाचता येत नाही का?"

मला कारण माहीत होतं. त्या मांडवात ते माहीत असलेला मी एकटाच होतो. मी म्हणालो, "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे आजी, पुढच्या आठवड्यात या."

दुरुस्ती पाच महिन्यांनी झाली. त्या पुढच्या आठवड्यात आल्या का, त्यांचं काम झालं का, मी कधी विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, स्वयंसेवकांना तारीख नसते, त्यांचं बरं आहे. तसं नाहीये. 2002 च्या जुलैनंतर डेबियनची पुढची आवृत्ती यायला 2005 चा जून उजाडला होता. जवळजवळ तीन वर्षं! लोकांनी भरपूर टोमणे मारले. त्यातून ते शिकले. आता फ्रीजची तारीख कितीतरी आधी ठरते आणि यादी आटोक्यात आली की मग रिलीजचा दिवस जाहीर होतो. साधारण दर दोन वर्षांनी आवृत्ती येते.

आणि बग पुढे ढकलणं तिथेही चालतंच. रिलीजच्या दिवशी यादी शून्य असते असं नाही. या आवृत्तीसाठी हा बग सोडून देऊ, अशी खूण रिलीज टीम लावते. म्हणजे त्यांचंही 'फेज 2' आहेच की! फरक एवढाच की ती खूण कुणी लावली, कधी लावली आणि का लावली, हे त्या बगच्या पानावर सगळ्या जगाला दिसतं. आमच्या एक्सेलमध्ये 38 नंबर कुणी सरकवला हे आता मलाही दाखवता येणार नाही.

उघड यादी ठेवली म्हणजे चुका होत नाहीत, असंही मी म्हणत नाही. 2006 मध्ये डेबियनच्याच एका बदलामुळे सुरक्षेच्या किल्ल्या बनवणारा ओपनएसएसएलचा भाग इतका कमकुवत झाला की त्याने बनवलेल्या किल्ल्या ओळखता येऊ लागल्या. कळलं मे 2008 मध्ये. नामुष्कीच होती. पण त्यांनी ते स्वतःच जाहीर केलं, कोणत्या किल्ल्या बाद समजायच्या ते सांगितलं. आपले दोष लपवायचे नाहीत, असं कलमच त्यांच्या 1997 च्या सामाजिक करारात आहे. सुरक्षेचा एखादा बग दुरुस्ती तयार होईपर्यंत झाकून ठेवावा लागतो, ते मान्य. पण आजींचं आडनाव हे काही सुरक्षेचं गुपित नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शहराचा विकास आराखडा करताना हरकती-सूचना मागवतात. त्यावर काय होतं हा भाग वेगळा, पण निदान कागद उघडा होतो. मग दाखला, अर्ज, पेन्शन, शिष्यवृत्ती, सगळं ज्या सॉफ्टवेअरमधून जातं, त्याला ही पायरी का नाही? जनतेच्या पैशातून झालेल्या प्रत्येक पोर्टलवर एक पान असावं. माहीत असलेले दोष, प्रत्येकाचा नंबर, कधी कळला, कुणाकडे आहे, पुढे ढकलला असेल तर कुणी आणि का. फार खर्चाचं काम नाही हे. असं पान असतं तर टेबलापलीकडून आजींना मी म्हणू शकलो असतो, "आजी, चूक तुमची नाही, आमची आहे. हा बघा, 38 नंबर."

आणि कदाचित ते पान सगळ्यांना दिसणार आहे म्हटल्यावर त्या शुक्रवारी मी गप्प बसलो नसतो.

राखी बांधून झाल्यावर ताईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "त्या आजींचं आडनाव आठवतंय ना तुला?" आठवतंय.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावातल्या ऱ्य-ऱ्ह मुळे कुठला अर्ज अडला असेल तर खाली लिहा. कुठल्या फॉर्मवर, मोबाइलवर टाइप केलं की कॉम्प्युटरवर, स्क्रीनवर नेमकं काय दिसलं. आधार नंबर, फोन नंबर टाकू नका. मी नंबर घालून उघडी यादी करतो. पहिली नोंद माझ्या हातून सरकलेल्या ओळीची असेल.