शत्रूला दिलेला शब्द

डिसेंबर 1971, पाकिस्तानशी युद्ध. अंबरनाथला ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना काळा कागद आणि रेडिओ अगदी बारीक आवाजात. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. काडतुसांना लागणारे पितळी कप तिथे बनत. रेडिओवर लष्करप्रमुख माणेकशा पूर्व पाकिस्तानातल्या सैनिकांना सांगत होते, शरण या, जिनिव्हा करारानुसार वागवू. बाबा म्हणाले, "ज्याच्या हातात हत्यार नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही, एवढंच त्याचं सार." दिवसभर काडतुसांत वावरणारा माणूस हे सांगत होता, म्हणून ते मनात पक्कं बसलं.

जिनिव्हाचे ते चार करार 12 ऑगस्ट 1949चे. चारच दिवस आधी, 8 ऑगस्टला, शेजारच्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं होतं. सैन्याच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार मांडले गेले होते. घरदार सुटणं म्हणजे काय, हे आमच्या भागाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शरण आलेल्या सुमारे 93 हजारांना भारताने सांभाळलं, परत पाठवलं. तिकडे आपले युद्धकैदी वैमानिक दिलीप परुळकर ऑगस्ट 1972 मध्ये दोन सोबत्यांसह रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पकडले गेले. पळू पाहणाऱ्या कैद्याला जास्तीत जास्त 30 दिवसांची शिक्षा, असं करार सांगतो. त्याच वर्षअखेर तिघंही जिवंत घरी आले.

तो काळ सोवळा नव्हता. बांगलादेशात 1971 मध्येच भयंकर संहार झाला आणि युद्धगुन्ह्यांचे आरोपी ठरवलेल्या 195 पाकिस्तान्यांवर खटला न चालवताच त्यांना सोडलं गेलं. पण मारणारे तेव्हा नाकारत, लपवत. लपवण्यात निदान कायद्याची चाड होती.

अंबरनाथच्या आनंदनगरकडे तेव्हा माळ होता, आता एमआयडीसी आहे. पाळी सुटलेली पोरं टपरीवर मोबाइलमध्ये गाझातलं उद्ध्वस्त इस्पितळ बघतात आणि बोट वर सरकतं. हल्ला करणारे कॅमेऱ्यासमोर त्याचं समर्थन करतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट असताना पुतिन 2024 मध्ये मंगोलियाला आणि नेतान्याहू 2025 मध्ये हंगेरीला पाहुणचार घेऊन आले. या न्यायालयाचा सदस्य आपला भारतही नाही, याचं मला वाईट वाटतं.

तरी हे करार मेले असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 2019 मध्ये पाकिस्तानच्या हाती सापडलेले आपले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचा जखमी अवस्थेतला व्हिडिओ पाकिस्तानात फिरवला गेला, तेव्हा भारताने निषेध करताना बोट ठेवलं ते जिनिव्हा करारावरच. तिसऱ्या दिवशी ते वाघा ओलांडून आले. त्यामागे राजकारण होतं, जगाचा दबाव होता. पण काय मागायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं होतं.