धूळ खात पडलेलीं यंत्रें

छंदाच्या मागें उपयुक्तता शोधूं नये, असा एक समंजस संकेत आहे. नाणीं किंवा तिकिटें जमविणाऱ्यांना त्याचा आधार मिळतो. माझ्या वांट्याला मात्र तो येत नाहीं. कारण मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवितों. तळवड्याच्या माझ्या घरांत अशीं ११ यंत्रें ओळीनें मांडलेलीं पाहून नवा पाहुणा हळूच विचारतो, "दुरुस्तीचा व्यवसाय काढलात कीं काय?" भोंवतीं इतके लहानमोठे कारखाने असतां त्याची शंका अगदींच अस्थानीं म्हणतां येत नाहीं.

रोजच्या वापरांतल्या वस्तूंचें मोल पुण्याच्या दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०) आपल्याला शिकविलें. दिवे, अडकित्ते, दौती यांसाठीं हा कवि गांवोगांव हिंडला. परंतु अडकित्त्यावर कारागिराचा हात दिसतो; माझ्या यंत्रांत पाहण्यासारखें काय आहे? मला विचाराल तर त्यांचा साधेपणा. डब्यांत एक पंखा असतो. तो फिरूं लागला कीं आंतील हवेचा दाब उतरतो, बाहेरची हवा धुळीसह नळींतून आंत धांव घेते, आणि कापडी पिशवी हवेला वाट देऊन धूळ तेवढी ठेवून घेते. चाळणीचेंच हें तत्त्व, विजेच्या बळावर चाललेलें.

या यंत्राचा आरंभ मोठा थाटाचा होता. इंग्लंडांत ह्यूबर्ट सेसिल बूथ यानें १९०१ सालीं केलेलें यंत्र घोडागाडींतून नेत. गाडी रस्त्यांत उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत शिरत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठीं १९०२ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील गालिचे बूथच्याच यंत्रानें साफ झाले. मला मात्र अधिक जवळचा वाटतो तो ओहायो प्रांतांतील कँटन गांवचा जेम्स मरे स्पँग्लर. तो एका दुकानांत झाडलोट करी, आणि दम्यामुळें झाडूनें उडणारी धूळ त्याला सोसवत नसे. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घालून त्यानें आपली सुटका करून घेतली. १९०८ सालीं त्याला पेटंट मिळालें; तें पुढें हूव्हर यांनीं विकत घेतलें.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत हें यंत्र आणलें तें मुख्यतः १९८२ सालीं स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनीं. माझीं बरीचशीं यंत्रें त्याच काळांतलीं. कांहीं शेजारच्या कुदळवाडींतील भंगारवाल्यांकडून आलीं. २०२५ च्या फेब्रुवारींत महापालिकेनें तेथील दुकानें व गोदामें पाडलीं, आणि माझी ती वाट बंद झाली.

भंगारांतून आलेलीं हीं यंत्रें उघडून पाहावीं, तों आंत सारें नवें! ब्रशाचा केंस वांकलेला नाहीं, मोटरींतील कार्बन झिजलेला नाहीं. धूळ खाण्यासाठीं घडविलेलीं यंत्रें वर्षानुवर्षें कपाटावर धूळ खात पडलीं. याचें एक कारण उघड आहे. हें यंत्र गालिच्याच्या देशांतलें. आपली शहाबादी फरशी झाडून पुसली कीं काम होतें. दुसरें कारण मला पुस्तकांत सांपडलें नाहीं. आमच्याकडे झाडूपोछ्याला येणाऱ्या बाईंना मीं एकदां यंत्र चालवून दाखविलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "काम बरं करतंय, सर. पण हे रोज चाललं, तर मला कोण बोलावणार?"

ओहायोंत ज्यानें झाडणाऱ्याचा श्वास मोकळा केला, तेंच यंत्र येथें झाडणारीच्या पोटावर पाय देईल, अशी धास्ती होती. आणि ती धास्ती फारशी खरी ठरली नाहीं, याचें कारण यंत्रापेक्षां तिची पाठ आपल्याला स्वस्त पडली. संग्राहक ज्या कोऱ्या करकरीतपणावर भाळतो, त्याची किंमत अशी कोणीतरी आधींच चुकविलेली असते.

बाईंनीं टाकून द्यावयास काढलेली एक केरसुणी मीं मागून घेतली. आतां ती यंत्रांच्या ओळींत, पहिल्या जागीं ठेवली आहे. माझ्या संग्रहांत वापरून झिजलेली अशी ती एकच वस्तु.