दूरदर्शनचा कारभारी

घरचा कारभारी कोण, असें विचारलें तर एकत्र कुटुंबांतील लहान मूलही आजोबांकडे बोट दाखवितें. शाळेचे मुख्याध्यापक कोण, हेंही त्यास ठाऊक असतें. परंतु ज्या दूरदर्शनास आपण सार्वजनिक म्हणतों, त्याचा प्रमुख कोण व त्यास कोणीं नेमिलें, हा प्रश्न आम्ही डोंबिवलींतील दहा सुशिक्षित घरीं विचारून पाहिला. एकाही घरीं उत्तर मिळालें नाहीं. ज्याचा मालक आपल्या कारभाऱ्याचें नांवही जाणत नाहीं, त्या इस्टेटीचें काय होतें, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.

पूर्वी या पेटीशीं आपला घरोबा होता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां आम्ही कल्याणास शाळेंत शिकत होतों. पारनाक्याजवळच्या आमच्या वाड्यांत एकच संच होता. संध्याकाळीं सारा वाडा त्याच्यापुढें बसे. ‘आमची माती आमची माणसं’ लागलें कीं ज्यांनीं जन्मांत नांगर धरला नाहीं असे कारकूनही खताबियाण्यांची चर्चा करीत. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमानें तर गांवोगांवीं ज्ञानदीप मंडळें उभीं केलीं. पाहणारा केवळ पाहणारा राहिला नाहीं, कांहीं करूं लागला. समाजाचें दूरदर्शन म्हणावयाचें तें यास.

पुढें प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीं झाला व १९९७ सालीं अंमलांत आला. मध्यंतरीं, १९९५ सालीं, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या एका वादांत सर्वोच्च न्यायालयानें प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. त्या न्यायपीठावर न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. प्रसार भारतीच्या अध्यक्षाची व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची शिफारस तिघांनीं करावयाची: राज्यसभेचे सभापति, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष व राष्ट्रपतींनीं नेमिलेली एक व्यक्ति. कार्यकारी अधिकाऱ्यास ज्या विषयांचें ज्ञान वा अनुभव असावा, त्यांत कायद्यानें प्रशासनाबरोबर शिक्षण, साहित्य, संगीत व नाट्य हेही विषय घातले आहेत. व्यवस्था कागदावर वाईट नाहीं. तथापि फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे चार वर्षें, अध्यक्षाची जागा रिकामी राहिली. आणि आपणांपैकीं कितीकांस त्याची खबर होती?

रिकाम्या खुर्चीचा अर्थ आम्ही जवळून पाहिला आहे. आमच्या नोकरीच्या काळांत एका शाळेस दोन वर्षें मुख्याध्यापक नव्हते. घंटा वेळेवर वाजे, परीक्षा होत, पगारही होत. बिघडलें कांहींच नाहीं. परंतु नवीन असेंही कांहीं झालें नाहीं. ग्रंथालयासाठीं कोणीं भांडलें नाहीं, वरून आलेल्या एकाही आज्ञेस कोणीं ‘नाहीं’ म्हटलें नाहीं. प्रमुखाचें काम मुख्यतः या दोन गोष्टींत असतें.

पुढें मुख्याध्यापक निवडण्याच्या समितीवर आम्हांस घेण्यांत आलें. आम्ही प्रत्येक उमेदवारास एकच प्रश्न विचारीत असूं: एखादे दिवशीं शिक्षक आले नाहींत, तर आपण स्वतः कोणत्या वर्गावर जाल? बहुतेकांनीं अकरावीचें नांव घेतलें. एकानें मात्र सर्वांत कच्च्या तुकडीचें नांव घेतलें. त्याचीच निवड झाली.

दूरदर्शनच्या उमेदवारासही असेच प्रश्न घालावेत. जो कार्यक्रम जाहिरातदार कधींही करणार नाहीं, असा कोणता कार्यक्रम आपण कराल? मंत्र्याचा दूरध्वनि आला, तर बातमींतील कोणतें वाक्य आपण बदलूं देणार नाहीं? मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरील माणूस आपल्या पडद्यावर केव्हां दिसेल, आणि तो कोणत्या बोलींत बोलेल? पदव्यांची यादी याच्या नंतर वाचावी.

हें सामान्यांच्या हातीं नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चाललें आहे, तें कांहीं केवळ घटनेच्या कलमांवर नव्हे. पुस्तक मिळालें नाहीं, तर वर्गणीदार चिटणिसास भर रस्त्यांत गांठून जाब विचारतो. ही भीति आणि ही आपुलकीच संस्था जगविते. दूरदर्शनला पैसा आपल्याच करांतून जातो. अर्थात् त्याचे वर्गणीदार आपणच आहों.

तेव्हां ही जागा जेव्हां जेव्हां रिकामी होईल, तेव्हां ती किती दिवस रिकामी आहे हें मोजावें, कोण आला व कां आला हें पत्र लिहून विचारावें, आणि रात्रीच्या जेवणाच्या पंक्तींत त्या नांवाची चर्चा व्हावी. एवढें प्रत्येक घरानें करावें, अशी आमची विनंति आहे.