घरातले ध्वनिमुद्रण आणि निर्मात्याचे नाव

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ स्टुडिओत झाला नाही, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात ओझरती सांगून सोडून दिली जाते. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला तेव्हा त्याने हॉटेलातल्या खोल्यांचेच ध्वनिमुद्रणगृह केले आणि गौहर जानचा आवाज तेथे मेणाच्या तबकडीवर उतरला. पुढे स्टुडिओ उभे राहिले आणि गायकाने यंत्राकडे जायचे अशी रीत पडली. आज यंत्र पुन्हा खोलीत आले आहे. मात्र गैसबर्गच्या खोलीत यंत्राचा धनी एक आणि गाणारी व्यक्ती दुसरी होती. आता दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला आल्या आहेत. या नव्या स्थितीत यंत्राची माहिती भराभर पसरली. धनीपणाचा अर्थ मात्र अद्याप पुरता कळलेला दिसत नाही.

भिलाईच्या नेहरू नगरासारख्या वसाहतीत हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. सोव्हिएत सहकार्याच्या १९५५ च्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांतील मराठी कुटुंबे तशी परक्या मुलखात आली नव्हती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्येच छत्तीसगडात उतरल्या होत्या. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि विदर्भ एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये खैरागढला संगीत विद्यापीठ निघाले आणि भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथे कुलगुरुपद सांभाळले. संगीताची विद्या जवळच होती. दूर होती ती बाजारपेठ. मुंबई येथून रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी अशा तीन भाषांत वाढलेल्या गायकाचे मराठी गाणे ध्वनिमुद्रित व्हावे, असे मुंबईच्या कंपनीला वाटण्याचे काही कारण नव्हते. घरातल्या यंत्राने ही अडचण दूर केली आहे, आणि म्हणून त्या यंत्राचा विचार हौसेची बाब म्हणून बाजूला सारता येत नाही.

पहिला विचार माईकचा होतो. वस्तुतः तो खोलीचा व्हायला हवा. अकरा फूट लांबीच्या खोलीचा मूळ अनुनाद सेकंदाला सुमारे ५० कंपनांचा असतो, आणि आपल्या विजेची गुणगुणही ५० कंपनांचीच. सदोष अर्थिंगमधून आलेली ही गुणगुण खोलीतल्या स्पीकरवर ऐकताना खोली तिला आपल्या पदरचे बळ देते, आणि मग ऐकणाऱ्याला खरी गुणगुण किती नि खोलीची भर किती हेच कळेनासे होते. गिलाव्याच्या उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि काचेच्या खिडक्या यांच्यामध्ये गायिलेला षड्ज दोनदा ऐकू येतो. त्यावर उपाय महाग नाही. घरातल्या गाद्या, रजया, सतरंज्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांचा उपयोग बाजारातल्या पातळ स्पंजाच्या चौकोनांपेक्षा अधिक होतो. ते चौकोन वरच्या स्वरांची चमक तेवढी शोषतात आणि खर्जाचा गोंधळ जसाच्या तसा ठेवतात. भिलाईच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून गाणे हीच साधना आहे. हावडा-मुंबई लोहमार्ग याच गावातून जातो, तेव्हा मालगाडीला वाट करून देणेही भाग असते. पुष्कळ घरांत म्हणूनच रात्री दोन ते चार ही ध्वनिमुद्रणाची वेळ ठरते. तोडी दुपारपूर्वीची, हे त्या वेळी कोणी विचारीत नाही.

माईकच्या बाबतीत सर्वसाधारण समजूत अशी की कंडेन्सर जातीचा माईक, ज्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो श्रेष्ठ. शांत, शोषक खोलीत तो श्रेष्ठ आहेही. परंतु तो गायकाच्या श्वासाबरोबर शेजारचा कुकरही तितक्याच तत्परतेने टिपतो. वसाहतीतल्या घरात साधा डायनॅमिक माईक, उदाहरणार्थ १९६६ पासून व्यासपीठांवर रुळलेला शुअरचा एसएम ५८, चार बोटांच्या अंतरावर ठेवून गायिल्यास अधिक प्रामाणिक काम देतो. अंतर कमी झाले की खर्ज फुगतो, एवढे ध्यानात ठेवावे. बाकी एक साधा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि विनामूल्य मिळणारे ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर एवढ्यावर भागते. २४ बिटांवर मुद्रण करावे आणि आवाजाची सर्वोच्च उंची शून्याच्या बारा डेसिबल खाली राहू द्यावी. तार सप्तकात आवाज फाटला तर तो नंतर कोणत्याही युक्तीने शिवता येत नाही. शेवटी सारे कानठळ्या बसेपर्यंत मोठे करण्याचा हव्यास तर निरर्थकच. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्यांचा आवाज स्वतःच सुमारे एका पातळीवर आणतात; मोठे केलेले गाणे तेथे लहान होते, त्याचे चढउतार मात्र गेलेले असतात ते परत येत नाहीत.

एका बाबतीत यंत्राचे ऐकू नये. कानात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मेट्रोनोमची टकटक घेऊन गायिलेला अभंग मात्रेला पक्का असतो, पण त्याच्या ठेक्याचा झुलावा नाहीसा होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. मुद्रण बायकांच्या गावी, त्यांच्यामध्ये जाऊन झाले. त्यांत जे काही ऐकू येते ते कोणत्याही स्टुडिओत निर्माण करता आले नसते. नेहरू नगरातल्या एखाद्या घरात आजीच्या ओवीत नागपुरी हेल आणि छत्तीसगढी शब्द एकत्र नांदत असतील, तर ते टिपण्याला आधी महागडा माईक हवा असे नाही. तो येईपर्यंत थांबणे परवडेलच याची खात्री नसते.

आता व्यवहार. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, ध्वनिमुद्रणासाठी ज्याने पुढाकार व जबाबदारी घेतली तो त्याचा निर्माता, आणि मुद्रणाचा हक्क साठ वर्षे त्याचा. ही जागा पूर्वी कंपनीची होती. घरी मुद्रण करणारा गायक आपसूक तिच्यावर बसतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते. मग कोणी चॅनेलवाला 'आम्ही तुमचे गाणे लावतो' म्हणतो, एक पानाचा कागद पुढे करतो आणि शालीच्या बदल्यात साठ वर्षे लिहून घेतो. त्या कागदावर मुदत आणि प्रदेश लिहिला आहे का, हे आधी पाहावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण 'कायमस्वरूपी, जगभर' असे लिहिलेले असेल तर ते तसेच बांधते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येणार नाही असे ठरविले. आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे आणि २०१७ मध्ये तिची नव्याने नोंदणी झाली. स्वतःच्या चाली बांधणाऱ्याने तेथे सदस्य व्हावे.

दुसऱ्याचे गाणे गाताना उलट बाजूने हाच प्रश्न येतो. भा. रा. तांबे १९४१ मध्ये निवर्तले, रवींद्रनाथांच्याच वर्षी. रवींद्रनाथांच्या निमित्ताने स्वामित्वाची मुदत पन्नासावरून साठ वर्षांवर गेली आणि तांब्यांची कविताही २००१ अखेरपर्यंत बांधलेली राहिली. आज ती मुक्त आहे. ग्वाल्हेरच्या या कवीला भिलाईच्या गायकाने नवी चाल लावावी, कोणाची परवानगी लागत नाही. जुनी, रेडिओवर ऐकलेली चाल घेतली तर मात्र तिच्या संगीतकाराची साठ वर्षे स्वतंत्रपणे मोजावी लागतात. सुरेश भटांची गझल तर २०६३ अखेरपर्यंत परवानगीवाचून घेता येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या कराओकेवर गाणाऱ्यांची गाणी यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा दुसऱ्याच्या नावे करते, यात नवल नाही. वाजवणारा खरोखरच दुसरा असतो.

मिळकतीविषयी भ्रम नसावा. २०२४ पासून स्पॉटिफाय, मागील बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच देत नाही. मराठी भावगीत गाणाऱ्या, महाराष्ट्राबाहेरच्या गायकाला हजार हा आकडाही सहज गाठता येत नाही. त्याची चूल शिकवण्यांवर, गणेशोत्सवातल्या मानधनावर आणि मंडळांच्या निमंत्रणांवर चालते. ध्वनिमुद्रण ती निमंत्रणे आणते. वितरकाला वार्षिक शुल्क द्यायचे की उत्पन्नातला हिस्सा, हे या हिशेबाने ठरवावे. उत्पन्नच थोडे असेल तर शुल्क भारी पडते आणि ते थांबले की काही वितरक गाणेही काढून घेतात.

एका माईकचे तासभराचे मूळ मुद्रण सुमारे ५०० मेगाबाइट जागा घेते. त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक घराबाहेर. प्रत्येकीसोबत गाणाऱ्याचे, तबल्याच्या साथीदाराचे, कवीचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव, स्वर काळी चार की पांढरी एक, दिवस आणि गाव लिहावे. पूर्वीच्या तबकड्यांवर साथीदारांची नावे बहुधा नसत.