चार मीटरची धाव

पैठण रस्त्यावरच्या आमच्या चितेगावात पहाटे मैदानावर गर्दी असते ती पोलीस भरतीच्या पोरापोरींची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. जीव तोडून पळतात. त्यांच्या मागे, मी ज्यांचा व्यायाम घेतो ती टेनिसची मुलंही पळायला लागतात, कारण व्यायाम म्हणजे फेऱ्या, हे आपल्या घराघरांत पक्कं बसलंय. मी त्यांना आधी फेऱ्यांतून बाहेर काढतो.

टेनिसमध्ये सलग सोळाशे मीटर कुणी पळत नाही. बेसलाइनच्या मध्यापासून एकेरीची बाजूची रेघ 4.11 मीटरवर. तेवढ्यात तीन-चार पावलं, फटका, थांबणं, परत मध्ये. बहुतेक पॉइंट दहा सेकंदांच्या आत संपतात, पुढच्यासाठी जेमतेम 25 सेकंद मिळतात. तेवढ्यात दम जिरला पाहिजे. म्हणून माझी शिट्टीही याच हिशेबाने वाजते.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबायला शिकवण्यात घालतो. चुन्याच्या दोन रेघा आखायच्या, मूल जोरात येतं, बाहेरचा पाय रोवतं आणि उलटं फिरतं. माझी नजर गुडघ्यावर असते. तो पंजाच्या रेषेत हवा; आत झुकला की वेग कमी करून पुन्हा. कान बुटांकडे. धप्प आवाज आला, म्हणजे कंबर खाली बसलीच नाही, सगळा भार टाचेवर आला. नीट जमलं की माती नुसती खरवडल्याचा आवाज येतो. हे जमल्याशिवाय मी वेग वाढवू देत नाही, पालक कितीही घाई करोत.

श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसलेने 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून मुलींच्या वडिलांचा उत्साह वाढलाय. त्याचा मला आनंदच आहे. पण बाराव्या वर्षाच्या आसपास मुली आणि चौदाव्याच्या आसपास मुलं झपाट्याने उंच होतात. हाडं पुढे जातात, स्नायू मागे राहतात. टाच दुखते, गुडघ्याखालचं हाड ठणकतं. घरी त्याला आळस म्हणतात. आळस नाही तो! मी दर महिन्याला भिंतीवर उंचीची खूण करतो. खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की उड्या निम्म्यावर. दहा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी 2012 पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने चेंडूच मंद केलाय. चेंडू वयाप्रमाणे बदलतो, मग व्यायाम का नाही?

राहिला खांदा. सर्व्हिसची ताकद पायांतून निघते, कंबरेतून वर चढते. पाय दुबळे असले की सगळं ओझं खांद्यावर. त्यासाठी रबरी पट्टा ओढायचा, कोपर बरगडीला चिकटवून, हळू. पण त्याआधी मी विचारतो, काल शहरात कोर्टवर टेनिसच्या सरांनी किती सर्व्हिस मारून घेतल्या? आकडा वहीत लिहितो. जास्त झाल्या असतील तर त्या दिवशी खांद्याला सुट्टी, फक्त पायांचं काम.