पोरांना कॉम्प्युटरला घालताय? मग पहिल्या वर्षाचं आधी बघा

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "सर, पोराला कॉम्प्युटरला घालतोय. एआय शिकवतात ना?" मी तालुक्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे दरवर्षीचंच आहे हे. एआय शिकवतात की, पण पुढच्या वर्षांत. तिथवर कोण पोचणार ते पहिल्या वर्षात ठरतं, आणि त्या वर्षाचे विषय आपण फॉर्मच्या खिडकीवर दोन मिनिटांत उरकतो.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजरच्या जोडीला मायनर निवडायचा असतो. पोरं मित्राने घेतलं ते घेतात, नाहीतर मार्क पडतात ते. गणित म्हटलं की, "नको सर, बारावीतच सुटलो." अरे बाबांनो, डेटाबेस म्हणजे संच आणि संबंधच; कॉडने १९७० साली ती मांडणी गणितातूनच केली. मोबाइल जवळचा रस्ता दाखवतो तो ग्राफ थिअरीवर. आणि तुमचं लाडकं एआय? मॅट्रिक्स आणि संभाव्यता. गणित टाळलं तर पुढे नुसती पाठांतरं उरतात.

दुसरं, भाषा एकच धरा. सी किंवा पायथॉन. वर्षभर तीच घासा. क्लासवाले सहा महिन्यांत पाच भाषा शिकवतात, आणि दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स आलं की पोरगं साधी लिंक्ड लिस्ट लिहिताना अडतं.

आता कॉलेजांचं बोलू. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास पोरगं स्वतः मशीनवर बसायला हवं. एका मशीनवर तिघं बसत असतील तर क्रेडिट कागदावरच. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला गणितच मायनर हवं होतं. कॉलेजने सांगितलं, शिक्षक नाहीत, दुसरं घे. माहितीपत्रकात मात्र पर्याय छापलेला! शहरातलं पोरगं क्लास लावून भरून काढतं, आपल्याकडच्यांनी काय करायचं? 'स्वयम्'वर फुकट कोर्स आहेत, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी त्यांचे क्रेडिटही धरता येतात. पण कॉलेजने होकार द्यायला हवा.

म्हणून पालकांनो, फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. गणित मायनर खरंच चालतं का? एका मशीनवर किती मुलं बसतात? 'स्वयम्'चे क्रेडिट धरता का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्यांना उपयोग होईल.